आठ अक्षरांचा ठसा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज भर बैठकीत मला "त्या स्टोअरवाल्या बाई" म्हटलं गेलं. मी या हॉस्पिटलच्या नोंद विभागाची प्रमुख आहे, तेवीस वर्षं. एक्स-रेच्या फिल्म तपकिरी पाकिटांतून निघायच्या तेव्हापासून. तळघरात, धुलाईखोलीच्या शेजारी, कपडे वाळवायच्या यंत्रांची ऊब खात मी पाकिटं लावली आहेत, आणि एकही कधी हरवलं नाही. आणि हे म्हणे स्टोअर!

झालं असं, की जुन्या डिस्कवरच्या तपासण्या नव्या डिस्कवर हलवल्या, त्यात अकरा स्कॅन राखाडी निघाले. उघडलं की नुसता करडा पडदा. मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, माझ्यावरच ओरडले. हलवल्या कोणी? संगणक विभागानं. ओरडा कोणाला? मला. संगणक विभागाचे प्रमुख मात्र भले माणूस. ते सदा हसत असतात, म्हणून सगळे त्यांना हसतमुखच म्हणतात. ते उठून म्हणाले, "चूक आमची आहे, बाईंची नाही." एवढ्या लोकांत एकटा माणूस खरं बोलला.

शेवटी ठरलं: एक लाख ब्याऐंशी हजार फाइली, प्रत्येकीची तपासणी करायची सोय हवी. कशी करायची ते पंधरा दिवसांत मी सांगायचं. त्यासाठीच ही वही काढली. उद्या कोणी "बाई, तुम्हीच असं म्हणाला होतात" म्हटलं तर लिहिलेलं असावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस वाचतेय. गोष्ट सोपी आहे, ती अवघड करून सांगण्यात लोकांना काय सुख मिळतं कळत नाही. फाइल एका गणितातून घालायची, की दुसऱ्या बाजूनं ठरावीक लांबीची अक्षरांची ओळ बाहेर पडते. याला हॅश म्हणतात. मी ठसा म्हणते. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो. आज ठसा काढून यादीत लिहायचा, सहा महिन्यांनी पुन्हा काढायचा. जुळला तर फाइल जशीच्या तशी. नाही जुळला तर काहीतरी बिघडलंय.

पण गणितं अनेक. सीआरसीचा ठसा आठ अक्षरांचा. एमडी-फाइव्हचा बत्तीस. शा-दोनशे छप्पन्नचा चौसष्ट. आणि ठसे काढणारी सॉफ्टवेअरं तर शेकड्यांनी, प्रत्येकजण आपलंच सर्वांत वेगवान म्हणून सांगतो.

ह्यांना सांगितलं. हे छापखान्यात मुद्रितं तपासतात, आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलंय. म्हणाले, "चौसष्ट अक्षरं? त्यात काना-मात्रा नाही ना? मग मला काम नाही." आणि जेवायला बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

भावजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ, तंत्रशाळेत संगणक शिकवतात आणि घरी आल्यावरही शिकवायचं थांबत नाहीत. मी सहज म्हटलं, आठ अक्षरांचा ठसा सुटसुटीत वाटतो. झालं! कप खाली ठेवला आणि सुरू.

"वहिनी, सीआरसी ही नुसती कडी आहे. वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून. डिस्क बिघडली, वायर सैल झाली, की ती पकडेल. पण कोणी मुद्दाम आत शिरायचं म्हटलं तर बाहेरून हात घालून कडी काढता येते. तुम्हाला कुलूप लागेल."

"आमच्याकडे कोण शिरतंय? फुप्फुसांचे फोटो चोरून कोणाचं भलं होणार?"

"चोरायचे नाहीत. बदलायचे."

"कशाला?"

"ते मला काय माहीत? पण माणसाच्या आजाराचा कागद आहे ना तो?"

असं बोलतात जणू मी कालच जन्मले. मग एमडी-फाइव्हसुद्धा मोडलेलं आहे, एकच ठसा येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात, वगैरे अर्धा तास. शेवटी "शा-दोनशे छप्पन्न घ्या आणि निवांत राहा" असं फर्मान. मला फर्मानांचा तिटकारा आहे. माणूस बरोबर असला तरी त्याच्या बोलण्याची काही रीत असावी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भावजींचं ऐकून नव्हे, पण मी मोजून पाहिलं. दहा हजार फाइली, तेच यंत्र, तीच डिस्क. सीआरसीला एकेचाळीस मिनिटं लागली. एमडी-फाइव्हला त्रेचाळीस. शा-दोनशे छप्पन्नला सेहेचाळीस. एवढाच फरक! मोठं गणित संथ असतं म्हणून जो बाऊ चाललाय तो निव्वळ ऐकीव आहे. डिस्कवरून फाइल वाचण्यातच सगळा वेळ जातो, गणित कुठलं का असेना.

साधनं तीन पाहिली. एक फुकट मिळतं, काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. दिसायला रुक्ष पण काम चोख, आणि जगात कुठल्याही यंत्रावर तोच ठसा देतं. दुसरं फाइलवर उजवी कळ दाबून चालतं. एकेका फाइलला ठीक, लाखाला निरुपयोगी. तिसरं गेल्या वर्षी संगणक विभागानं विकत घेतलेलं, रंगीत खिडक्यांचं. त्यात फक्त सीआरसी. दुसरं गणित निवडायची सोयच नाही!

मी पहिलं आणि शा-दोनशे छप्पन्न सुचवणार. दोन पानी टिपण लिहिलं. ह्यांनी त्यात सात चुका काढल्या, सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

संताप संताप झाला. टिपण कोणी वाचलंच नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी पहिलं पान उलटवून विचारलं, "चौसष्ट अक्षरं? रजिस्टरचा रकाना केवढा आहे?" रकाना! लाखो माणसांच्या तपासण्या आणि अडलं कुठे, तर रकान्यात.

मी वेळेचे आकडे सांगितले. फेब्रुवारीतला पंखा कोणी बंद करावा यावर तेवढ्यात बोलणं झालं. मग मोठे डॉक्टर म्हणाले, "आपल्याला खराब फाइली शोधायच्यात, हेरगिरी नाही करायची."

हसतमुख मध्ये पडले. फार शांतपणे म्हणाले, "बाईंचा अभ्यास उत्तमच आहे. पण आपल्याकडे घेतलेलं सॉफ्टवेअर आहे, आठ अक्षरं फोनवरही वाचून दाखवता येतात. सुरुवात त्यानं करू. यादी बाईंच्या ताब्यात राहील, पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. आम्ही कोणी हात लावणार नाही. दर शुक्रवारी छापील प्रत, त्यांच्या सहीनं, सीलबंद."

खरं लिहायचं तर इथे मी मऊ पडले. "यादी बाईंच्या ताब्यात." तेवीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे, सुरुवात त्यानं करू." टिपण घडी करून पर्समध्ये ठेवलं. भावजींना इतक्यात सांगणार नाही.

१२ मार्च, बुधवार

यादी पूर्ण! एक लाख ब्याऐंशी हजार चारशे सहा ठसे. छापून काढल्यावर गठ्ठा माझ्या कोपरापर्यंत आला. प्रत्येक पानावर सही करून हात आखडला, पण दाखवा म्हणावं आता कोण स्टोअरवाली.

२६ मार्च, बुधवार

यादीनं तीन बिघडलेल्या फाइली पकडल्या, जुन्या प्रतीवरून पुन्हा आणल्या. एका लहान मुलीचा हाताचा एक्स-रे होता. तिच्या आईला काही कळलंसुद्धा नाही. कळायची गरजही नव्हती. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले तर मान हलवली. हसतमुखांनी मात्र खाली येऊन अभिनंदन केलं.

१० एप्रिल, गुरुवार

हसतमुख आज अर्धा तास बसले होते. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, कुठलं तेल लावते ते विचारलं. मग यादीबद्दल. इतक्या आस्थेनं कोणी विचारत नाही.

"म्हणजे एकदा लिहिलेला ठसा मलाही बदलता येणार नाही?"

"काय बिशाद!" मी म्हटलं. "पासवर्ड माझ्याकडे, आणि बदललात तरी छापील प्रत कपाटात आहे."

"शाबास. आणि फाइल बदलली तर?"

"ठसा जुळणार नाही. शुक्रवारच्या तपासणीत लगेच कळेल."

ते बराच वेळ मान डोलावत राहिले. गेल्या सप्टेंबरच्या काही फाइली डिस्कच्या तपासणीसाठी बघायच्या आहेत म्हणाले, मी क्रमांक काढून दिले. निघताना म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." असा एखादा वरचा अधिकारी असला की काम करावंसं वाटतं.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळीच डोकं फिरलं. खिडकीशी एक बाई आली, शिवणकाम करते, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली. नवरा रंगारी होता, गेल्या महिन्यात गेला. फुप्फुसाचा कर्करोग. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे छातीचा स्कॅन झाला होता. तिचं म्हणणं, तेव्हा रिपोर्टात "विशेष काही नाही" लिहिलं होतं. आणि आता तिनं तक्रार केल्यावर हॉस्पिटल म्हणतंय, रिपोर्टात "उजव्या फुप्फुसात वर लहान डाग, सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करावा" असं स्पष्ट आहे, रुग्णच परत आला नाही.

"तुम्ही बदललंत," ती म्हणाली. मला! माझ्या तोंडावर!

मी फाइल काढली. डागाचं वाक्य तिथेच होतं. ठसा काढला. यादीतला काढला. आठच्या आठ अक्षरं जुळली. मी पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. "हे मार्चमधलं. हे आजचं. अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे फाइलला कोणीही हात लावलेला नाही. विषय संपला."

ती म्हणाली, "आमच्या कागदावर असं नव्हतं."

"कागद आणलाय?"

"तो तुमच्याच डॉक्टरांनी ठेवून घेतला."

लोक दुःखात असतात हे मला कळतं. पण म्हणून दुसऱ्याच्या तेवीस वर्षांच्या कामावर चिखल उडवायचा?

२४ एप्रिल, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांनी लेखी मागितलं. मी दिलं: "सदर रुग्णाच्या रिपोर्टाची फाइल नोंद झाल्यापासून बदललेली नाही, असे मी प्रमाणित करते." खाली सही, हुद्दा, शिक्का. हसतमुखांनी मसुदा करून दिला होता, म्हणजे मला तोही त्रास नको म्हणून. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "चूक नाही." मग जरा थांबून, "व्याकरणाची." कधीकधी ह्यांचा विनोद मला कळत नाही.

६ मे, मंगळवार

शिंपीणबाई पुन्हा आली. या वेळी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. पिशवीतून एक सीडी काढली. सप्टेंबरमध्ये स्कॅनबरोबर आपणच रुग्णाला देतो ती. शिलाईयंत्राच्या खणात सुयांच्या डबीखाली सापडली म्हणाली. "माझ्याकडे ही बघायचं यंत्र नाही. तुम्ही बघा. माझ्यासमोरच बघा, म्हणजे मला आणखी कोणाला विचारायला नको."

मला तोडून बोलायचं होतं. पण सीडीवर आमच्याच विभागाचा शिक्का आणि माझ्याच सहीची चिठ्ठी. म्हटलं, सीडी घेऊन उद्या या.

७ मे, बुधवार

ती आली. मी सीडी लावली. रिपोर्ट उघडला.

"विशेष काही नाही."

डागाचं वाक्य नाही. सहा आठवडे नाहीत. मी तीनदा वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पडद्याकडे नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा नुसतं "हं" म्हणाली.

म्हटलं, सीडीचीच फाइल कोणी बदलली असणार. ठसा काढला, जुळणार नाही म्हणजे बाईचं पितळ उघडं पडेल. जुळला. आठही अक्षरं जुळली. एक फाइल म्हणते डाग आहे, एक म्हणते नाही, आणि दोघींचा ठसा एक!

यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच.

दोन्ही फाइली मी पेन ड्राइव्हवर घेतल्या. नियमाप्रमाणे नेता येत नाहीत. तेवीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. सीडी बाईला परत दिली आणि सांगितलं, कोणालाही देऊ नका, मलासुद्धा.

११ मे, रविवार

भावजींसमोर पेन ड्राइव्ह ठेवला. वाटलं होतं आता ऐकवतील. नाही ऐकवलं. दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून पाहिल्या, मग चष्मा काढून पुसला.

"वहिनी, हे चुकून होत नाही. चारशे कोटींत एकदा होईल."

"मग?"

"तुमच्या डिस्कवरच्या फाइलचं शेपूट बघा. मजकूर संपला, फाइलच्या शेवटाची खूण आली, आणि त्यानंतर ही चार निरर्थक अक्षरं. वाचणाऱ्याला ती दिसत नाहीत. सीडीवरच्या फाइलला ती नाहीत. आधी वाक्य बदललं, म्हणजे ठसा बदलला. मग ही चार अक्षरं अशी बेतून चिकटवली, की ठसा पुन्हा पहिल्यासारखा यावा. सीआरसीला हे करता येतं. माझे विद्यार्थी तासाभरात करतील."

"आणि चौसष्टवाल्याला?"

"अजून तरी जगात कोणाला जमलेलं नाही."

शा-दोनशे छप्पन्ननं दोन्हींचे ठसे काढले. पहिल्या अक्षरापासून वेगळे.

मी विचारलं, "कोणी केलं असेल?" भावजी म्हणाले, "ज्याला यादी बदलता येत नव्हती, पण फाइल बदलता येत होती." मी म्हटलं असे पुष्कळ आहेत. त्यांनी पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. हे मात्र वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

१२ मे, सोमवार

हे सगळं मोठ्या डॉक्टरांनीच घडवलं असणार, दुसरं कोण! म्हणून त्यांच्याकडे न जाता थेट हसतमुखांना सांगितलं. एवढ्या मोठ्या इमारतीत भरवशाचं दुसरं कोण आहे? त्यांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं.

"सीडी कुठे आहे?"

"त्या बाईकडे."

"मागून घ्या. माझ्याकडे सुरक्षित राहील."

मी मागणार होते. पण मीच तिला कोणाला देऊ नका म्हणून बजावलं होतं, आता कुठल्या तोंडानं मागू? तसं सांगितलं. ते हसले. नेहमीसारखेच, फक्त डोळ्यांत झोप नसल्यासारखे. बिचाऱ्यांना त्रास झाला माझ्यामुळे.

१४ मे, बुधवार

यादीचा पासवर्ड चालत नाही. "देखभालीसाठी बंद." मोठ्या डॉक्टरांची करामत, मी शपथेवर सांगते!

१५ मे, गुरुवार

बदलीचा कागद. धुलाईखोलीचा साठा विभाग. चादरी मोजायच्या! आता खरोखरच स्टोअरवाली. कारण: "गोपनीय माहिती बाहेर नेल्याचा संशय." पेन ड्राइव्हबद्दल मी एकाच माणसाला बोलले होते. मग मोठ्या डॉक्टरांना कसं कळलं? भिंतींना कान लावले आहेत का?

ही नोंद वाचून दाखवली तर हे म्हणाले, "तूच लिहिलेलं तूच पुन्हा एकदा वाच." मी चिडले. म्हटलं, घरातसुद्धा मलाच मुद्रितं तपासायला लावता का. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले आणि ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं. एकाच माणसाला.

नाही. ज्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, ते असं करणार नाहीत.

२९ मे, गुरुवार

चौकशी समितीपुढे उभी राहिले. शिंपीणबाईनं वरपर्यंत अर्ज केला होता, म्हणून बाहेरचे तीन जण आले: एक निवृत्त न्यायाधीश बाई, दुसऱ्या हॉस्पिटलचे एक डॉक्टर आणि एक संगणकाचे जाणकार. बाकांवर मोठे डॉक्टर, रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर, हसतमुख. भिंतीशी शिंपीणबाई, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

हॉस्पिटलच्या वकिलांनी माझंच प्रमाणपत्र वाचून दाखवलं. ठसा जुळतो, सबब फाइल अस्सल, सबब सीडी या बाईनं बनवलेली. काय सांगू कसं वाटलं! माझी सही, माझा शिक्का, आणि त्या शिक्क्यानं तिला खोटं पाडायचं.

मी म्हटलं, "मला दहा मिनिटं आणि त्या प्रमाणपत्राची फाइल द्या."

भावजींनी आठवडाभर माझ्याकडून सराव करून घेतला होता. त्यांना आत येऊ दिलं नाही, ते जिन्यात बसले होते. मी त्यांचा संगणक उघडला. पासवर्ड दोनदा चुकीचा टाइप झाला. प्रमाणपत्राची फाइल घेतली. ठसा काढला, मोठ्यानं वाचला, आठ अक्षरं. न्यायाधीश बाईंनी लिहून घेतला. मग "बदललेली नाही" मधलं "नाही" पुसून "आहे" केलं. शेपटाला चार अक्षरं बेतून चिकटवणारा, भावजींनी दिलेला छोटा प्रोग्राम चालवला. पुन्हा ठसा काढला आणि त्यांनाच वाचायला सांगितलं.

त्यांनी वाचला. कागदाकडे बघितलं. पुन्हा वाचला. तीच आठ अक्षरं.

"म्हणजे तुमचं हे प्रमाणपत्र..." त्या थांबल्या.

"निरर्थक आहे," मी म्हटलं. "फाइल बदलली नाही असंही ते सांगतं आणि बदलली असंही. तरी मी सही केली. हे गणित दुबळं आहे हे फेब्रुवारीत मला सांगितलं गेलं होतं. जास्त चांगलं गणित मी स्वतः मोजून, लिहून आणलं होतं. मला पाच मिनिटं मोठ्यानं भांडायला हवं होतं. मी नाही भांडले. यादी माझ्या नावावर झाली याचा मला आनंद झाला होता."

वकील म्हणाले, मग सीडीवरचीही फाइल बनावट असू शकते. जाणकारांनीच उत्तर दिलं: सीडी एकदाच लिहिता येते, सप्टेंबरची तारीख आहे, आणि फुटकळ चार अक्षरं हॉस्पिटलच्या फाइलच्या शेपटाला आहेत. शिवाय सप्टेंबरमध्ये यादीच नव्हती, मग तिच्यातला ठसा या बाईला कसा कळणार होता? मग त्यांनी विचारलं, सप्टेंबरच्या त्या फाइलचा क्रमांक कोणाकोणाला दिला होता?

मी हसतमुखांकडे बघितलं. ते हसत होते. माझ्याकडे बघून, जणू मी पुन्हा "काय बिशाद" म्हणणार आहे.

मी तारीख सांगितली. दहा एप्रिल. वहीत होती.

१२ जून, गुरुवार

निकाल आला. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी डाग पाहिलाच नव्हता. तक्रार आल्यावर घाबरले आणि हसतमुखांना गाठलं. फाइल अकरा एप्रिलला बदलली, हसतमुखांच्या नावानं. दोघे निलंबित, पुढे खटला. मोठ्या डॉक्टरांना काही ठाऊक नव्हतं म्हणे. ठाऊक करून घेतलं नव्हतं, असं लिहायला हवं होतं. ते नाही लिहिलं, याचा मला अजून राग आहे.

मला ताकीद: योग्य खातरजमा न करता प्रमाणपत्र दिल्याबद्दल. बरोबरच आहे. आणि पुन्हा नोंद विभाग.

भावजींचा फोन आला. "वहिनी, चौसष्ट मंजूर?" म्हटलं, मंजूर, आणि रकान्याचं रजिस्टर रद्द. तरीही मनात येतं, हसतमुखांवर कोणीतरी दबाव आणला असेल. एवढा चांगला बोलणारा माणूस. ह्यांना म्हटलं तसं. हे म्हणाले, "असेल." आणि माझ्या ताटात वाढत राहिले.

१६ जून, सोमवार

नवी यादी सुरू केली. शा-दोनशे छप्पन्न, काळ्या खिडकीतून. पहिल्या तासात तेरा हजार ठसे.

दुपारी शिंपीणबाई आली, खटल्यासाठी रिपोर्टाची प्रमाणित प्रत न्यायला. मी खाली चौसष्ट अक्षरं छापली, शिवाय माझं आधीचं प्रमाणपत्र रद्द केल्याचं पत्र जोडलं. तिनं ती अक्षरं बोट लावून पडद्याशी ताडून पाहिली, एकेक, टाके मोजावे तशी. मी घाई केली नाही.

मग मी म्हटलं, "माझं चुकलं." तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवले.

"तुम्ही एप्रिलमध्ये पडदा वळवून दाखवलात ना मला," ती म्हणाली, "मी घरी गेले आणि त्यांच्यावर चिडले. फोटोसमोर उभी राहून. म्हटलं, सहा आठवड्यांनी बोलावलं होतं तर लपवलंत का माझ्यापासून? कामाचे दिवस बुडतील म्हणून? पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. रोज दिवा लावायचे, पण बोलायचे नाही. नुकतेच गेले होते हो ते."

फेब्रुवारीपासून मी या वहीत कोणाकोणावर रागावले ते सगळं लिहिलंय. मोठे डॉक्टर, भावजी, वकील, रकाना, ही बाईसुद्धा. आज रागवायला समोर कोणी नव्हतं.

मी दार उघडून तिला आत घेतलं आणि माझी खुर्ची दिली. खिडकीच्या बाहेर बसायला काही ठेवलेलंच नाही. तेवीस वर्षं लोक तिथे उभ्यानं आपल्या माणसांचे कागद मागतायत.